खाऱ्या पाण्याच्या टाकीतले परजीवी: आधी ओळख, मग औषध

माशाच्या अंगावर ठिपका दिसला की नवीन माणूस आधी दुकान गाठतो आणि दुकानदार देईल ती बाटली टाकीत ओततो. बाटलीतले औषध तांब्याचे असेल तर दोन दिवसांत कोळंबी आणि गोगलगायी मरतात, तांबे दगडात मुरते आणि मासा बरा होतोच असे नाही. औषध वाईट नसते. ते चुकीच्या रोगाला, चुकीच्या जागी आणि न मोजता दिलेले असते.

परजीवी आपले आयुष्य कुठे काढतो, हे कळले की उपचार आपोआप ठरतो. काही परजीवी माशावर काही दिवस खातात, मग खाली उतरून टाकीच्या तळाशी कोषात वाढतात. काही माशाच्या अंगावरच दुपटीने वाढत जातात. काही अंडी घालतात आणि त्या अंड्यांवर औषध चालत नाही. पुढचे सगळे या फरकावर उभे आहे.

आधी पाणी, मग मासा

मासा धापा टाकतोय म्हणजे परजीवीच असेल असे नाही. आधी अमोनिया आणि नायट्राईट तपासा. दोन्ही शून्य हवेत. मग तापमान पाहा. एप्रिल-मे महिन्यात मुंबई-कोकणातल्या घरात टाकीचे पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. एअर स्टोन सुरू करून तासाभरात सगळ्याच माशांचा श्वास शांत झाला, तर दोष पाण्यात होता.

पाणी ठीक असेल तर माशाकडे वळा. दिवे लावण्याआधी खोली अंधारी ठेवून टॉर्च तिरपा धरा. समोरून येणाऱ्या उजेडात न दिसणारी धूळ तिरप्या उजेडात स्पष्ट दिसते. मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि कल्ल्यांची उघडझाप मिनिटाला किती होते ते मोजून लिहून ठेवा. मासे निरोगी असतानाच हा आकडा नोंदवून ठेवलेला असेल तर फारच चांगले, कारण टँगचा आणि क्लाऊनफिशचा श्वास मुळातच वेगळा असतो.

पाच जण, पाच खुणा

*व्हाईट स्पॉट (क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स).* मिठाच्या दाण्याएवढे, सुटे सुटे, मोजता येतील असे पांढरे ठिपके. पंखांवर आधी दिसतात. मासा दगडावर अंग घासतो, पण बहुधा खात असतो. खरी खूण म्हणजे ठिपके एका जागी राहत नाहीत. आज शेपटीवर चार दिसले, तीन दिवसांनी ते गायब, आठवड्याने दुसरीकडे वीस. ठिपका आठवडेच्या आठवडे एकाच जागी, पंखाच्या कडेला फुलकोबीसारखा वाढत असेल तर तो लिम्फोसिस्टिस हा विषाणूजन्य आजार आहे. त्याला औषध नाही आणि चांगल्या पाण्यात तो सहसा आपोआप जातो.

*व्हेलवेट (अमायलूडिनियम ओसेलॅटम).* ठिपके इतके बारीक की मोजता येत नाहीत. अंगावर सोनेरी-करडी भुकटी उडाल्यासारखे दिसते, तेही तिरप्या उजेडातच. हा परजीवी आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे अंगावर काही दिसण्याआधीच मासा खाणे सोडतो, भराभर श्वास घेतो, उजेड टाळतो आणि पावडरहेडच्या (टाकीत पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाच्या) झोतात तोंड देऊन उभा राहतो. ही तीन-चार लक्षणे एकत्र दिसली तर भुकटी दिसण्याची वाट पाहू नका. दोन दिवसांत अख्खी टाकी रिकामी करणारा रोग हाच.

*ब्रुकलिनेला.* मुख्यतः समुद्रातून पकडून आणलेल्या क्लाऊनफिशवर येतो. अंगावरचा बुळबुळीत थर जाड होतो, पांढरट चट्टे पडतात आणि त्याच्या चिंध्या सुटून लोंबतात. रंग फिका पडतो. हा परजीवी माशावरच दुभंगून वाढतो, म्हणून सकाळी थोडा दिसणारा चट्टा रात्रीपर्यंत अंगभर पसरलेला असू शकतो.

*युरोनेमा.* हिरवा क्रोमिस आणि अँथियस यांच्या कुशीवर लाल, जखमेसारखा डाग. आतले स्नायूही कुरतडलेले असतात, त्यामुळे डाग दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. हा पाण्यातले जिवाणू खाऊनही जगतो, म्हणून टाकी माशांविना ठेवल्याने जात नाही.

*फ्ल्यूक.* हे चपटे कृमी. त्वचेवरचे नियोबेनेडेनिया काही मिलिमीटर लांब, पण पारदर्शक असल्याने माशावर दिसतच नाहीत. धूसर डोळे, सतत डोके झटकणे, जांभई दिल्यासारखे तोंड उघडणे, अंग घासणे या खुणा. कल्ल्यांवरचे फ्ल्यूक असतील तर एकच कल्ला उघडा ठेवून श्वास घेणे हे वारंवार दिसते.

विद्यार्थ्यांसाठी मिळणारा १०० पट मोठे दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक असेल तर अंदाज बांधत बसावे लागत नाही. काचपट्टीच्या कडेने माशाच्या कुशीवरचा थर, डोक्याकडून शेपटीकडे, हलक्या हाताने खरवडा, टाकीच्याच पाण्याचा थेंब टाका आणि लगेच पाहा. गडद गोळा जागच्या जागी सावकाश फिरत असेल तर व्हाईट स्पॉट. तपकिरी, थेंबाच्या आकाराचा, अजिबात न हलणारा गोळा म्हणजे व्हेलवेट, आणि आयोडीनचा थेंब टाकल्यावर तो आणखी गडद होतो. वालाच्या दाण्यासारखे चपटे जीव संथ सरकत असतील तर ब्रुकलिनेला. फार लहान, सुसाट पळणारे असतील तर युरोनेमा. मेलेला मासा तपासायचा असेल तर मेल्यावर लगेच. पुढे परजीवी त्याला सोडून जातात आणि नमुना निर्दोष दिसतो.

ठिपके गेले म्हणजे रोग गेला, हा भ्रम

व्हाईट स्पॉटचे आयुष्यचक्र नीट समजून घ्या, कारण बहुतेक चुका इथे होतात. परजीवी माशाच्या त्वचेखाली ३ ते ७ दिवस खातो. मग माशाला सोडून खाली उतरतो, तळावर काही तास सरपटतो आणि वाळूला किंवा दगडाला चिकटून कोष करतो. कोषाच्या आत तो विभागत राहतो आणि एका कोषातून दोनशेपर्यंत पिल्ले बाहेर पडू शकतात. त्यांना दोन दिवसांच्या आत मासा सापडला नाही तर ती मरतात. कोष फुटायला साधारण ३ दिवस ते ४ आठवडे लागतात, पण ७२ दिवसांनी फुटलेल्या कोषाचीही नोंद आहे.

म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी मासा स्वच्छ दिसतो तो परजीवी खाली उतरले म्हणून. त्याच सुमारास खाण्यात लसूण घातलेला असतो किंवा क्लिनर श्रिंप (माशांचे अंग साफ करणारी कोळंबी) आणलेली असते आणि श्रेय त्यांना मिळते. लसणाने भूक वाढू शकते, रोग जात नाही. त्वचेखाली बसलेला परजीवी कोळंबी उचलू शकत नाही. यूव्ही दिवा त्याच्यातून जाणाऱ्या पाण्यातली पिल्ले मारतो, सगळी नाही. तापमान वाढवून हा रोग घालवण्याची गोड्या पाण्यातली रीत इथे लागू पडत नाही. चक्र फक्त वेगाने फिरते.

औषधाचेही तसेच. तांबे माशावरच्या परजीवीला मारत नाही, कोषालाही मारत नाही. ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारते. म्हणून शेवटचा कोष फुटेपर्यंत तांब्याची पातळी एक दिवसही खाली जाता कामा नये.

हॉस्पिटल टँक

मुख्य टाकीत औषध घालायचे नाही. ६० × ३० × ३० सेंटीमीटरची साधी काचेची टाकी आजारी माशासाठी वेगळी घ्या. पूर्ण भरली तर ५४ लिटर, कडेला चार सेंटीमीटर सोडले तर साधारण ४७. हा आकडा टाकीवर मार्करने लिहून ठेवा, प्रत्येक मात्रा याच्यावरून काढायची आहे.

आत वाळू नको, दगड नको, शिंपले नकोत. चुनखडीचे काहीही असले तर तांबे शोषून घेते आणि मात्रा कधीच स्थिर राहत नाही. लपायला प्लंबिंगचे पीव्हीसी एल्बो आणि पाईपचे तुकडे पुरेत. हीटर, एअर पंप, स्पंज फिल्टर आणि वर जाळी, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. स्पंज आधीपासून मुख्य टाकीच्या संपमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) महिनाभर ठेवलेला असावा, म्हणजे त्यात जिवाणू वसलेले असतात. मात्र मुख्य टाकीत रोग आल्यावर तिथून काढलेला स्पंज कोषही घेऊन येतो. तेव्हा बाटलीतले जिवाणू वापरा, रोज अमोनिया तपासा आणि गरज पडेल तितके पाणी बदला. हॉस्पिटल टँकमध्ये रोगापेक्षा अमोनियाने मासे जास्त मरतात.

फिल्टरमधला कार्बन काढून टाका, कारण तो औषध शोषतो; यूव्ही बंद ठेवा. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप आधीच घेऊन ठेवा, कारण कल्ले खराब झालेला मासा अर्धा तासही तग धरत नाही.

गोड्या पाण्याची बुडी

ही बुडी रोग बरा करत नाही, पण फ्ल्यूक ओळखण्याचा हा उत्तम मार्ग आहे आणि व्हेलवेटमध्ये कल्ल्यांना थोडा दिलासा देतो. गडद रंगाच्या बादलीत १० लिटर आरओचे पाणी घ्या. नळाचे असेल तर क्लोरीन काढलेले हवे. तासभर हवा सोडा, तापमान टाकीइतकेच करा आणि चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा घालून पीएच ८.०-८.२ पर्यंत आणा. मासा पाच मिनिटे ठेवा, नजर हटवू नका. पहिल्या मिनिटात तो आडवा पडतो, ते चालते. सतत उसळ्या मारू लागला किंवा श्वासच थांबल्यासारखा वाटला तर लगेच बाहेर काढा. फ्ल्यूक असतील तर ते पांढरे पडून गळतात आणि बादलीच्या तळाशी तिळासारखे दिसतात.

फ्ल्यूकला औषध प्राझिक्वांटेल. लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ४७ लिटरला साधारण १०० ते ११५ मिलिग्रॅम. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. थोड्या टाकीच्या पाण्यात खूप घुसळून दुधी झाल्यावर ओता. त्या काळात हवा जोरात ठेवा, कारण पाणी गढूळ होऊन प्राणवायू घटतो. अंड्यांवर परिणाम होत नाही, म्हणून ७ दिवसांनी पाणी बदलून दुसरी मात्रा द्यायलाच हवी. पहिल्या मात्रेनंतर मासा बरा दिसला म्हणून दुसरी टाळणे ही हमखास होणारी चूक.

तांबे: व्हाईट स्पॉट आणि व्हेलवेटसाठी

बाजारात दोन प्रकार मिळतात आणि त्यांचे आकडे पूर्ण वेगळे. क्युप्रामाईनसारख्या औषधात पातळी ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ठेवायची. चिलेटेड (दुसऱ्या रेणूत घट्ट बांधलेल्या) तांब्यात सुमारे २.२५ ते २.५. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एक तर मासा मरेल, नाही तर परजीवी जगेल.

क्युप्रामाईनची मात्रा ४० लिटरला १ मिलिलिटर. आपल्या ४७ लिटरला १.२ मिलिलिटर, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून. ४८ तास थांबा, मग तेवढीच दुसरी मात्रा. त्यानंतर चाचणी घ्या, आणि चाचणीचे किटही तुमच्या तांब्याच्या प्रकाराला चालणारे असल्याची खात्री करा. चिलेटेड तांब्याला रंग जुळवण्याचे किट फसवते, तिथे डिजिटल मापक हवे. ठरलेली पातळी गाठल्याच्या दिवसापासून ३० दिवस मोजा. मध्ये पातळी घसरली तर मोजणी पहिल्यापासून. पाणी बदलताना नव्या पाण्यात तेवढेच तांबे आधी मिसळून घ्या.

अमोनिया बांधून ठेवणारी, क्लोरीन काढणारी द्रावणे क्युप्रामाईनबरोबर चुकूनही नकोत. तांब्याचे रूप बदलून ते एकाएकी विषारी होते. मासा खाणे सोडत असेल तर तांबे त्याला जड जाते आहे. अशा वेळी अर्धे पाणी बदलून पातळी खाली आणा आणि पुढच्या खेपेला पाच-सहा दिवसांत सावकाश वाढवा. मँडरीन आणि ड्वार्फ एंजल यांना तांबे सोसत नाही असे गृहीत धरून चाला. शार्क आणि रे यांना तर देऊच नका.

मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. शास्त्र म्हणून तो खोटा नाही, मोरचुदातले सुटे तांबे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम प्रतिलिटर या पातळीला परजीवी मारते. पण मोरचुदात तांबे सुमारे २५ टक्के असते, म्हणजे ४७ लिटरला लागतो फक्त ३७ मिलिग्रॅमचा कण. स्वयंपाकघरातला काटा तो मोजू शकत नाही. शिवाय बोर्डो मिश्रणासाठी शेतीच्या दुकानात मिळणारे मोरचूद शुद्ध असतेच असे नाही. उपचाराची आणि विषाची पातळी यात इतकी जवळ आहे की नवशिक्याने या वाटेला जाऊ नये.

व्हेलवेटमध्ये वेळ नसतो. आधी हायड्रोजन पेरॉक्साईडची आंघोळ द्या: लिटरला ७५ मिलिग्रॅम, ३० मिनिटे, जोरदार हवा सोडून. औषधाच्या दुकानात आपल्याकडे बहुधा ६ टक्क्यांची बाटली मिळते. तिचे लिटरला १.२५ मिलिलिटर पुरतात. इंटरनेटवरचे बरेच आकडे ३ टक्क्यांच्या बाटलीसाठी असतात. लेबल न वाचता ते वापरले तर मात्रा दुप्पट होते. आंघोळीनंतर मासा थेट तांब्याच्या टाकीत.

तांबे नको असेल तर

व्हाईट स्पॉटसाठी, आणि फक्त व्हाईट स्पॉटसाठी, टाकी बदलण्याची पद्धत औषधाविना काम करते. कोष तीन दिवसांच्या आत सहसा फुटत नाही. म्हणून मासा दर ७२ तासांच्या आत स्वच्छ, कोरड्या टाकीत, नव्या पाण्यात हलवायचा. शून्याव्या दिवशी सुरुवात, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या दिवशी बदल. पंप, पाईप, हीटर सगळे दोन संच हवेत. मासा जाळीऐवजी प्लास्टिकच्या भांड्याने उचला आणि पाणी कमीत कमी जाऊ द्या. सोडलेला संच धुऊन पूर्ण वाळवायचा. जून ते सप्टेंबरमध्ये कोकणात काहीही पूर्ण वाळत नाही, तेव्हा ब्लीचच्या पाण्यात तासभर बुडवून, धुऊन घेणे जास्त खात्रीचे.

दुसरा पर्याय क्षारता उतरवण्याचा. दोन दिवसांत विशिष्ट घनता १.००९ पर्यंत, म्हणजे साधारण १२ पीपीटीपर्यंत (हजार भागांत १२ भाग क्षार) खाली आणायची आणि शेवटचा ठिपका गेल्यावर चार आठवडे तिथेच ठेवायची. हलत्या काट्याचा हायड्रोमीटर इथे नको, तपासून जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटरच हवा. बाष्पीभवनाने १.०१२ वर गेली तरी उपचार फसतो. पीएच खाली घसरतो, रोज पाहा. परत वर नेताना आठवडा घ्या, कारण माशाला उतरण सोसते तशी चढण सोसत नाही. कमी क्षारतेत तग धरणारे व्हाईट स्पॉटचे प्रकारही आढळले आहेत, आणि व्हेलवेटला तर याने काहीच होत नाही. कमी क्षारता आणि तांबे एकत्र कधीच नको.

ब्रुकलिनेलाला तांबे चालत नाही. तिथे फॉर्मॅलिन: ३७ टक्क्यांचे, १० लिटरला १.५ मिलिलिटर, ३० ते ६० मिनिटे, भरपूर हवा सोडून, आणि मासा समोर असताना. आपल्याकडच्या गरम पाण्यात यापेक्षा जास्त मात्रा धोक्याची. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती फेकून द्या, तो माशांना फार विषारी असतो. फॉर्मॅलिन माणसालाही घातक आहे, कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, मुलांना दूर ठेवा. आंघोळीनंतर मासा जुन्या टाकीत परत सोडू नका, नव्या स्वच्छ टाकीत सोडा. एक दिवसाआड दोन-तीन वेळा करावे लागते. युरोनेमावरही हाच उपाय, पण जखम खोल गेलेली असेल तर यश कमी.

मुख्य टाकी रिकामी ठेवणे

व्हाईट स्पॉटसाठी ७६ दिवस, व्हेलवेटसाठी सहा आठवडे. या काळात टाकीत एकही मासा नको, छोटा गोबीही नाही. त्या एकाच्या जोरावर चक्र चालू राहते. कोळंबी, खेकडे, गोगलगायी राहू द्या, त्यांना थोडे खाऊ घाला. हॉस्पिटल टँकचा ओला हात, जाळी, भांडे मुख्य टाकीत गेले की दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. दोन्ही टाक्यांत निदान तीन मीटर अंतर ठेवा, कारण फुटणाऱ्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांबरोबर व्हेलवेट पसरू शकतो.

किनाऱ्यावरून पाणी आणणाऱ्यांसाठी: त्या पाण्यातूनही परजीवी येतात. पावसाळ्यात आणि खाडीच्या तोंडाशी घेऊच नका, क्षारता भरवशाची नसते. इतर वेळी गाळून, १० टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराईट १० लिटरला १ मिलिलिटर घालून, हवा सोडत एक दिवस ठेवा. मग सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन काढा आणि चाचणी शून्य आल्यावरच वापरा.

नवीन आणलेला प्रत्येक मासा, हॅचरीत वाढलेला क्लाऊनफिश असला तरी, आधी महिनाभर वेगळ्या टाकीत. पिशवीतले पाणी ओतून द्या.

तांब्याचे ३० दिवस संपले की कार्बन आणि पाणीबदलाने तांबे शून्यावर आणा आणि मासा त्याच टाकीत आणखी दोन आठवडे औषधाविना पाहा. तांब्याने दबलेले फ्ल्यूक किंवा जिवाणूंचे संसर्ग याच काळात वर येतात. मासा भरपूर खातोय, श्वासाचा आकडा जुन्या नोंदीशी जुळतोय आणि मुख्य टाकीचे दिवस पूर्ण झालेत, हे तिन्ही जुळले की मासा हलवा. हॉस्पिटल टँकचे पाणी मोरीत ओता, मुख्य टाकीत थेंबही जाऊ देऊ नका.